धुरपाचे बोल

निवेखारच्या सड्यावर, म्हणजे या उघड्या कातळमाळावर, हा जो गोल गडगा दिसतो, तो कुठल्या किल्ल्याचा बुरूज नव्हे. त्यावरून आधी खाली उतरा. फोटो खाली उभे राहूनही निघतात. यात चुना नाही, सिमेंट नाही. चिऱ्यावर चिरा नुसता रचलेला आहे आणि एवढे पावसाळे झेलून तो उभा आहे. पूर्वेकडे आत जायला एकच वाट आहे, तिला दार नाही. आत लेंड्यांचा वास येतो म्हणून मघाशी तुमच्यातल्या एका बाईंनी नाकाला रुमाल लावला. वास येणारच. हा धुरपाचा मेंढवाडा आहे, आणि यात अजून मेंढरे बसतात.

मी सोनू भुवड. खाली खाडीकाठी जो लांब बांध दिसतो, त्याच्या आत माझी भातशेती आहे. पाहुण्यांना इथली गोष्ट सांगायचे काम कुणी मला दिलेले नाही, मी ते स्वतःच अंगावर घेतले आहे. कारण येताना वळणावर तुम्ही तो निळा फलक वाचलात. ‘गावाच्या रक्षणासाठी धुरपामातेने आपली मेंढरे स्वखुशीने सागराला अर्पण केली.’ त्या अख्ख्या वाक्यात ‘मेंढरे’ हा एकच शब्द खरा आहे. तो फलक वाचला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. म्हणून सांगतो, नीट ऐका.

फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी निवेखारला भात पिकत नसे, असे सांगतात. खाली आज हिरवेगार दिसते तिथे तेव्हा नुसता खारा चिखल होता. दर उधाणाला खाडीचे पाणी आत शिरायचे आणि जाताना मीठ ठेवून जायचे. माणसे सड्यावरच्या मूठभर नाचणीवर आणि खाडीतल्या शिंपल्यांवर दिवस काढत. दुलबाजी खोत म्हणून गावाचा मालक होता. त्याने पाणी अडवायला बांध घातला, तो फुटला. पुन्हा घातला, पुन्हा फुटला. धुमस घेऊन माणसे दिवसभर चिखल चोपत बसायची आणि पहिल्याच मोठ्या उधाणाला सगळे धुऊन जायचे. पोरांची पोटे खपाटीला गेली होती. दुलबाजी काही राक्षस नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्यालाही पोरे होती आणि त्यांनाही भूक लागायची.

अशा एका वर्षी घाटावर दुष्काळ पडला आणि धुरपा नावाची धनगरीण आपली मेंढरे घेऊन घाट उतरली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. बरोबर एक तट्टू, तट्टावर बिऱ्हाड आणि मागे खांडभर मेंढरे. खांड म्हणजे कळप. निवेखारच्या लोकांनी तोवर मेंढरू जवळून बघितलेही नव्हते म्हणे. गावात येऊन ती बांधाच्या कडेला उभी राहिली, माणसे चिखल चोपत होती ते बघितले आणि हसली.

“वरनं चोपताय,” ती म्हणाली, “आत पोकळच हाय की. आमच्याकडं तळ्याच्या बांधावर मेंढरं फिरवत्यात.”

दुलबाजीला ते लागले, पण माणूस अडलेला होता. त्याने तिला बोलावून घेतले आणि तिने ते काम त्याला समजावून दिले. चिखलाचा एक थर पसरायचा. तो उन्हात नीट सुकू द्यायचा. मग त्यावर मेंढरे मागेपुढे फिरवायची. मेंढराचा खूर बारीक असतो, तो मातीत रुततो आणि खालपर्यंत माती दाबत जातो. मग पुढचा थर. एकच गोष्ट कधी करायची नाही: थर ओला असताना मेंढरू वर चढवायचे नाही. ओली माती पाय धरते. आणि मेंढराची जात अशी की पुढचे जिथे गेले तिथे मागचे जाणार, अडकले तरी जाणार.

ग्रामदेवीच्या पायरीवर नारळ ठेवून बोली झाली. धुरपाने बांध तुडवून द्यायचा, नंतर शेतात मेंढरे बसवून जमिनीतला खार मारायचा. गावाने तिला सड्यावर चराई द्यायची आणि मेंढरांना वाडा बांधून द्यायचा. खोताने देवीसमोर शब्द दिला की निवेखारात असेपर्यंत तिच्या मेंढरांच्या केसालाही धक्का लागणार नाही. तेव्हा गावाने चिरे वाहून हा गडगा रचला. धुरपा स्वतः चिरे उचलत होती, असे सांगतात. दाराला फळी नको म्हणाली. काटेरी झुडूप ओढून लावले की पुरते.

बांध उभा राहिला. एक पावसाळा टिकला, दुसरा टिकला. मेंढरांना इथला पाऊस सोसत नाही, खूर कुजतात, तरी ती बाई पावसाळ्यातसुद्धा घाटावर गेली नाही. वाड्यावर झावळ्यांचे छप्पर घातले, मेंढरांच्या खुरांना रोज राख चोळली आणि उघडीप मिळाली की बांधावर फेरा. काही मेंढरे त्यात दगावली. शेतात बसलेल्या मेंढरांच्या लेंड्यांनी आणि पावसाच्या गोड्या पाण्याने जमीन हळूहळू सुधारली, आणि गावाने आपल्या जमिनीतला पहिला भात शिजवला. त्या दिवशी घराघरांतून धुरपाला भात आला. तिने तो खाल्ला आणि कुणाच्या घरचा मऊ झाला, कुणाच्या घरचा कच्चा राहिला, हे सगळ्यांना तोंडावर सांगितले. बाई फटकळ होती.

इथपर्यंत फलकवालेही बरोबर सांगतात. पुढे त्यांची जीभ गोड होते.

त्या सालच्या मार्गशीर्षात खोताने बांध मधल्या भागात आणखी उंच करायला घेतला, लोभाने म्हणा की भीतीने. नवा थर ओला होता आणि अमावास्येचे उधाण तोंडावर आले होते. खोत धुरपाला म्हणाला, “मेंढरं चढव.” ती म्हणाली, “न्हाई चढवायची. माती सुकंस्तवर एक बी मेंढरू वर जानार न्हाई.” त्यांची खडाजंगी झाली. खोत म्हणाला, बांध गेला तर शेते पुन्हा खारी होतील. ती म्हणाली, मग वरची माती आत्ता काढून टाका, खालचा बांध पक्का आहे, थोडे पाणी आत येईल पण बांध राहील. एवढ्या दिवसांची मेहनत उपसून टाकायला खोताचा जीव होईना.

त्यातच घाटाच्या पायथ्याहून निरोप आला की तिचा भाऊ तापाने फणफणला आहे. धुरपाने आईवेगळे एक कोकरू तट्टावर घेतले, कारण त्याला दूध पाजावे लागे, आणि ती निघाली. खांड वाड्यात ठेवले, दाराला काटे ओढले, राखणीला खोताचीच माणसे ठेवली. दुसऱ्या कुणाची ठेवणार? शब्द खोताचा होता.

उधाण आले ते भरदुपारी. मधला ओला भाग पाझरू लागला, मग खचू लागला. गाव बांधावर गोळा झाले. आणि दुलबाजी खोताने सड्याकडे बोट केले.

पुढचे सांगताना आमच्यातली म्हातारी माणसेसुद्धा आवाज खाली घेतात. मी घेत नाही. राखणीच्या माणसांनी काटे बाजूला केले आणि खांड खाली हाकलले. पुढे धुरपाची म्होरकी मेंढी होती, बांडी नावाची. तिला ओळखीची माणसे दिसली, ओळखीचा बांध दिसला, ती चढली. तिच्यामागे सगळी. मध्यावर ओल्या मातीने पाय धरले. बांडी अडकली, मागची तिच्यावर, त्यांच्या मागची त्यांच्यावर. बांधाला पडलेले खिंडार मेंढरांनी भरले. पाणी थबकले. आणि मग गावाने वरून चिखल लोटला. मेंढरे ओरडत होती तेव्हाच लोटला. ओरडणे थांबेपर्यंत लोटत राहिले.

आपोआप घसरली, असे खोताचे लोक पुढे म्हणत. घसरली असतील. चिखलाची घमेली काही आपोआप उचलली गेली नाहीत.

बांध टिकला, शेते वाचली, पोरे वाचली. आणि आता धुरपा परत येणार म्हणून गावाला घाम फुटला. तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघाले की ती शाप देईल, त्याआधी तिला देवी करून टाकू. बळी गेला म्हणायचे, देवीने मागितला म्हणायचे, धुरपाने दिला म्हणायचे. भावाला उतार पडल्यावर ती परतली, तर वेशीवर ढोल. बायका हळदकुंकू घेऊन, नवे लुगडे, नारळ, ओटीचे तांदूळ. तांदूळ त्याच शेतातले.

“बाय, तू आमची आई झालीस,” खोत हात जोडून म्हणाला.

तिला आधी काही कळेना. “मेंढरं कुठं हायती?” तिने विचारले. ढोल वाजतच राहिले. ती कोकरू काखेत धरून पळत सड्यावर आली. वाडा रिकामा. तिथून ती खाली बांधावर गेली, आणि मधल्या भागात सुकत आलेल्या मातीतून लोकर वर आलेली तिला दिसली. मग कुणी काही सांगायची गरज राहिली नाही.

ओटीचे ताट तिने खाडीत भिरकावले. ढोल आपसूक थांबले. खोताने आता पाय धरायची तयारी केली आणि म्हणाला, “गाव वाचला ना बाय. पोरं वाचली.”

“व्हय, वाचली,” धुरपा म्हणाली. “मंग तसं सांगा. इस्वास मोडून वाचवलं म्हना, माजी चोरून वाचवलं म्हना. म्या दिली म्हनू नगा. म्या दिल्याली न्हाईत.”

मला या गोष्टीतले हे वाक्य सगळ्यांत मोठे वाटते. लोक म्हणतात, विचारले असते तर तिने दिलीही असती, मन मोठे होते तिचे. असेल. पण विचारले नाही, तेव्हा तिच्या मोठ्या मनाचा हिशेब आपण कोण मांडणार? ज्याचे आहे त्याने दिले तर तो त्याग. दुसऱ्याचे ओढून नेले आणि वर त्याच्याच गळ्यात हार घातला, तर त्याला काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा. मी ठरवले आहे.

गाव शापाची वाट बघत उभे होते. एक म्हातारी तर म्हणाली म्हणे, “दे बाय, काय शाप द्यायचा तो दे आणि आमाला मोकळं कर.”

“त्येच न्हाई करायची,” धुरपा म्हणाली. “शाप दिला की तुमी भोगनार, आन भोगून मोकळं हुनार. तुमाला मोकळं सोडायचं न्हाई मला. तुमी ऐकायचं.”

ती जाऊन मेंढवाड्याच्या वाटेत बसली. बाहेर उघड्या कातळावर गाव बसले. का बसले? भीतीने, असे एक सांगतात. लाजेने, असे दुसरे सांगतात. मला विचाराल तर बांध अजून कच्चा होता आणि तो तुडवायची विद्या तिच्याकडे होती. तिने तसे रोखठोक सांगितले. माझ्या भावांची खांडे मी दर साल घाटावरून आणीन, तुमचा बांध तुडवून देईन, शेतात बसवीन. पण आधी या कातळावर बसायचे आणि माझे बोल ऐकायचे. ज्याने ज्याने या जमिनीचा भात खाल्ला त्याने. बदली माणूस चालायचा नाही. दर घराने एक चिरा आणायचा आणि वाडा डागडुजी करून ठेवायचा. आणि इथे शेंदूर लावायचा नाही, मूर्ती बसवायची नाही, माझी नाही की कुणाची नाही.

मग ती बोलू लागली. शिव्या नव्हत्या त्या. ती एकेका मेंढराबद्दल बोलली. कुठली मेंढी कुणाच्या पोटची, कुणाचा कान चिरलेला, कोण पावसाला घाबरायची, कुणाला जुळी होणार होती. धनगराला खांडातले प्रत्येक जनावर तोंडओळखीने माहीत असते. आणि एकेकाचे सांगून झाले की ती विचारायची, “हिनं तुमचं काय खाल्लं हुतं?” आणि पुढच्या मेंढीकडे वळायची. दुपारी ऊन तापले तशी खोताने उठायची चुळबुळ केली. “अजून माजी बांडी ऱ्हायलीया,” ती म्हणाली. “बस खाली.” खोत बसला. सूर्य खाडीत बुडेपर्यंत ती बोलत होती, असे सांगतात.

ते कोकरू जगले. त्याची वीण पुढे वाढली आणि धुरपाच्या भावांच्या खांडात मिसळली. धुरपाचे शेवटी काय झाले ते कुणाला माहीत नाही. पाण्यात चालत गेली, ज्योत झाली, असले काहीबाही लोक सांगतात. माझा विश्वास नाही. म्हातारी होऊन घाटावर आपल्या माणसांत मेली असेल, चारचौघींसारखी. ज्या जागी मेंढरे गाडली तिथे खेकडा बीळ पाडत नाही, असेही म्हणतात. मी त्या बांधावर जन्म काढला आहे. खेकडा पाडतो बीळ. आम्ही बुजवतो.

तर अशी ती रीत पडली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला घाटावरच्या धनगरणी खांडे घेऊन उतरतात, वाड्याच्या वाटेत बसतात आणि आम्ही कातळावर. सावली नाही, छत्री नाही, टोपी काढायची. जुन्या मेंढरांचे बोल होतात आणि चालू सालचेही. कुणी खांडावर कुत्रे सोडले, कुणी चराईच्या जागेत तारेचे कुंपण घातले, कुणी चुकार कोकरू मारून खाल्ले. नाव घेऊन सांगतात. ऐकून झाले की चिरे रचायचे, मग मेंढरे बांधावर आणि नंतर शेतात. प्रसाद नाही, जेवणावळ नाही. माझ्या तरुणपणी खोतांच्या घरातल्या एकाने मुंबईहून स्वतः न येता गड्याला पाठवले होते. धनगरणीने गड्याला विचारले, “तू खाल्लास व्हय त्यो भात?” तो बिचारा म्हणाला, मला नाचणी देतात. तिने त्याला परत धाडले आणि त्या साली खोतांच्या शेतात एकही मेंढरू बसले नाही. त्यांचे शेत पिवळे पडलेले मी या डोळ्यांनी बघितले आहे. पुढच्या साली खोत आले, सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

आणि आता हे नवे खूळ. खोतांच्या घराण्यातले आताचे, अनिरुद्धराव. शिकलेले, गोड बोलणारे, वळणावरचा फलक त्यांचाच. गेल्या साली त्यांनी गावची सभा घेतली. म्हणाले, जुने उगाळत बसण्यात काय अर्थ आहे, पाहुण्यांना हे रागावणे बरे दिसत नाही. वाड्यात धुरपामातेचे संगमरवरी देऊळ बांधू, गाड्या लावायला जागा करू, महोत्सव भरवू. आमच्यातल्या पुष्कळांना ते पटले. पटणारच, देवळात हात जोडणे कातळावर बसून ऐकण्यापेक्षा केव्हाही सोपे. मी एकटाच भांडलो आणि लोकांनी माझी ‘म्हातारचळ’ म्हणून वासलात लावली.

अमावास्येला सुंद्राबाई लकडे आल्या. आता बोल लावायचा मान त्यांच्या घराकडे आहे. अनिरुद्धरावांनी त्यांना देवळाचे चित्र दाखवले. त्यांनी ते लांब धरून बघितले.

“आन मेंढरं कुठं बसायची?” त्यांनी विचारले.

“तुमच्यासाठी बाहेर शेड बांधू, मावशी.”

“देऊळ केलं की तुमी हात जोडून हुबं ऱ्हानार, घंटा वाजवनार आन घरला जानार,” सुंद्राबाई म्हणाल्या. “दगडाच्या बाईला बोलता येत न्हाई, म्हनून तुमाला ती पायजे. खाली बसा, दादा. तुमचंच नाव पैलं हाय.”

ते बसले. चांगली विजार होती, तशीच कातळावर टेकली. गाव बघत राहिले आणि मग एकेक करून सगळे बसले. देऊळ त्या साली तरी बारगळले. फलक मात्र उभा आहे, आणि तुमच्यासारखे लोक तो वाचून हात जोडतात.

आजही हा वाडा आहे तसा आहे. आत शेंदूर नाही, मूर्ती नाही, लेंड्या आहेत. त्यानंतर बांधाला आजवर खिंडार पडलेले नाही आणि आजही निवेखारात कुणी धुरपाने दिली असे म्हणाले की आमच्या घरी त्याला पाणी मिळत नाही. आज तीच अमावास्या आहे. खालून घुंगरांचा आवाज येतो आहे ना, ती सुंद्राबाईंची खांडे सडा चढताहेत. गावची माणसे चिरे घेऊन मागून येतीलच.

तुम्ही कुठे निघालात? गाडीत बसून काचेतून बघायचे हे नव्हे. दुपारी खाली खाणावळीत जेवलात, भात छान आहे म्हणून पुन्हा मागून घेतलात, ते मला तिथल्या पोरीने सांगितले. तो भात बांधाच्या आतला होता. टोपी काढा, आणि इथे माझ्या शेजारी बसा.